कांसाला लागून कारखाना: आधी पाण्याची वाट ठरवा, मग शेड

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या वाघोडिया बाजूला ५ एकर जागा आहे. तिथे इलेक्ट्रिकल पॅनेलचे पत्र्याचे कॅबिनेट बनवायचे, त्यांना झिंक फॉस्फेटिंग (रंग धरावा म्हणून पत्र्यावर दिलेला जस्त-फॉस्फेटचा थर) आणि पावडर कोटिंग करायचं. मागच्या हद्दीला १०० मीटर लांबीचा कांस (पावसाचं पाणी नदीकडे नेणारा नैसर्गिक ओढा) लागून आहे, तो पुढे विश्वामित्री नदीला मिळतो. पावसाळ्यात तिथे मगर दिसते आणि गावकऱ्यांना आपल्या विहिरींची धास्ती आहे. प्लँट विकणारा म्हणतो, "ईटीपी (सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा प्लँट) बसवा, बाकी काही लागत नाही." एवढं पुरेल का?

नाही पुरणार. ईटीपी लागेलच, पण या जागेवर पहिलं मोठं नुकसान ईटीपीच्या पाण्यानं होणार नाही. ते बांधकामाच्या पहिल्या पावसाळ्यात उघड्या मातीनं होईल. नंतर दरवर्षी छपरावरून आणि काँक्रीटवरून एकदम सुटणारं पाणी ते करत राहील. म्हणून आर्किटेक्टला शेडची जागा सांगण्याआधी पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून बाहेर पडतं हे नकाशावर काढून घ्या. मगरीची ये-जाही पाण्याच्याच वाटेनं होते. ती वाट राखली की जनावरांचं निम्मं काम त्यातच उरकतं.

बडोद्यात कांस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गटार येतं. तसं समजू नका. विश्वामित्री पावागडावरून निघते, भर शहरातून जाते, पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखातात उतरते. शहरातल्या तिच्या पात्रात काही शे मगरी राहतात, आणि पाणी चढलं की त्या कांसांतून, तलावांतून वर सरकतात. पश्चिमेकडच्या रासायनिक कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी १९८० च्या दशकापासून वेगळ्या कालव्यानं थेट आखाताकडे जातं. तुमच्या कांसात जे पडेल ते मात्र मगरीच्या आणि गुराढोरांच्या तोंडी जाणार.

सुरुवात मोजणीपासून. डीआयएलआरची (जिल्ह्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाची) मोजणी करून कांसाची दप्तरी हद्द निश्चित करा, आणि प्रत्यक्षात आज काठ कुठे आहे तेही खुंट्या मारून बघा. या दोन रेषा बहुतेक ठिकाणी जुळत नाहीत. जी रेषा तुमच्या बाजूला जास्त आत येते ती धरा आणि तिथून ३० मीटरचा पट्टा मोकळा सोडा. १०० मीटर लांबी म्हणजे ३,००० चौरस मीटर, एकूण जागेच्या जेमतेम १५ टक्के. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीच्या अटींत हिरवा पट्टा मागितला जातोच. तो पुढच्या गेटपाशी शोभेसाठी करण्यापेक्षा इथे मागे करा, म्हणजे जागा दोनदा जाणार नाही. झाडं करंज, जांभूळ, उंबर, देशी बाभूळ अशी, काठाच्या उताराला वाळा. नर्सरीवाला कोनोकार्पस खपवायला बघेल. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

मगर अंडी घालते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, पाण्यापासून थोड्या अंतरावर, कोरड्या काठात खड्डा करून. २५-३० अंडी, वर माती सारलेली. बघणाऱ्याला नुसती उकरलेली जमीन दिसते, म्हणून जेसीबीवाल्याला ते घरटं वाटतच नाही. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडाशी पिल्लं निघतात. तेव्हा फेब्रुवारी ते जूनअखेर या पट्ट्यात यंत्र उतरवू नका. गांडा बावळ (वेडी बाभूळ) काढायचा असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत, कोयत्या-करवतीनं, बुंधे आणि मुळं जागेवर ठेवून आणि एका वेळी वीस-पंचवीस मीटरच. सगळा एकदम उपटलात तर पहिल्या पुरात काठ सुटतो आणि ठेकेदार लगेच म्हणतो, "साहेब, दगडी पिचिंग करून देतो." पिचिंग किंवा गॅबियन (तारेच्या जाळीत भरलेले दगड) केलेल्या काठात मगरीला ना बीळ करता येतं ना घरटं. वर समोरचा काठ जास्त कापला जातो, आणि तो तुमच्या शेजाऱ्याचा असतो. पिचिंग फक्त तुमच्या नाल्याच्या तोंडाशी, तीन-चार मीटर, पाण्याचा जोर मोडण्यापुरतं.

आता तो पहिला पावसाळा. बडोद्यात वर्षाचा पाऊस साधारण ९०० ते १,००० मिमी, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. सपाटीकरण करून २ हेक्टर उघडी माती ठेवलीत तर वाहून जाणारा गाळ अडवायला हेक्टरी २५० घनमीटरचा हौद लागतो, म्हणजे तुम्हाला ५०० घनमीटर. ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल. जागेच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, पण ३० मीटरच्या पट्ट्याच्या बाहेर. पाणी एका टोकाला आत, दुसऱ्या टोकाला बाहेर, मध्ये शेडनेटचे दोन आडवे पडदे, नाहीतर ते सरळ रेषेत पळून जातं. बाहेर जायचा पाइप तळाशी नको. वरच्या थरातलं निवळलेलं पाणी घेणारा तरंगता पाइप बसवा. एका बाजूला दगड लावलेला सांडवा हवाच, नाहीतर मोठ्या पावसात बांध फुटून साठलेला सगळा गाळ एकदम कांसात जातो. हौद एक-तृतीयांश भरला की उपसा.

हा हौद कुठे फसतो? काळ्या मातीत. २० मायक्रॉनचा कण एक मीटर खाली बसायला पाऊण तास घेतो. २ मायक्रॉनच्या चिकणमातीला त्याच एका मीटरला तीन दिवसांहून जास्त लागतात, तोवर पुढचा पाऊस आलेला असतो. गोराडू (वाळूमिश्रित पोयट्याची) जमीन असेल तर नुसता हौद बऱ्यापैकी काम करतो. काळी असेल तर तुरटी लागते. एक-एक लिटरच्या पाच बाटल्या घ्या, त्यात १०, २०, ३०, ४०, ५० मिलिग्रॅम तुरटीचं द्रावण टाका, मिनिटभर हलवा, अर्धा तास ठेवा. जिच्यात तळ स्वच्छ दिसतो तिचा डोस घ्या. ५० मिलिग्रॅम लागली तर भरलेल्या हौदाला २५ किलो. सोडण्याआधी पीएच ६.५ ते ८ मध्ये आहे ना ते पट्टीनं बघा. आम्ल पाण्यातलं अॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर बसतं, आणि मग गढूळ पाणी परवडलं असं म्हणायची पाळी येते. सगळ्यात स्वस्त उपाय मात्र माती उघडी न ठेवणं हाच. १५ जूनपर्यंत ज्या भागात काम नाही तिथे हेक्टरी चार-पाच टन भुसा किंवा गवत अंथरा.

शेड उभी राहिल्यावर हाच हौद बुजवू नका. गणित बघा: ताशी ६० मिमी पाऊस, २ हेक्टर जागा. शेतजमीन असताना त्यातलं ३० टक्के पाणी वाहतं, म्हणजे सेकंदाला ०.१ घनमीटर. पत्रा आणि काँक्रीट झाल्यावर ९० टक्के, म्हणजे ०.३. तासाभरात ७२० घनमीटर पाणी जास्तीचं. ते रोखलं नाही तर कांसाचा तळ खणला जातो, आणि खाली वस्तीत पाणी चढतं. तेव्हा हौद ७२० पर्यंत वाढवा आणि बाहेरच्या भिंतीत २०० मिमीचं एकच भोक ठेवा. एक मीटर पाणी चढलं की त्यातून साधारण जुन्या हिशेबाइतकंच बाहेर जातं. भोकासमोर जाळी, नाहीतर गुटख्याच्या पुड्या त्याचं काम थांबवतात. छपराचं पाणी वेगळं धरा: ५,००० चौरस मीटर छपरावर वर्षाला ३,६०० घनमीटर सहज मिळतं. ते साठवून पहिल्या धुण्यांना वापरलं तर बोअर कमी चालेल. रिचार्ज विहिरीत फक्त छपराचंच पाणी, तेही पहिला पाऊस वगळून आणि कोटिंगच्या धुराड्यांच्या आसपासचा भाग सोडून. यार्डाचं पाणी रिचार्जला देणं म्हणजे डिझेल आणि जस्त थेट गावाच्या विहिरीत ओतणं. ही चूक चांगली शिकलेली माणसंही "जलसंधारण" म्हणून करतात. यार्डाच्या ६,००० चौरस मीटरचा पहिला १५ मिमी, म्हणजे ९० घनमीटर, तीन कप्प्यांच्या तेल-सापळ्यातून काढा. शेवटच्या कप्प्यातून बाहेर जाणाऱ्या पाइपाला खाली वळलेला बेंड हवा. तेल वर राहतं, पाणी खालून जातं.

मुख्य कामाकडे, म्हणजे धुण्याच्या पाण्याकडे. ईटीपी केवढा ते विचारण्याआधी पाणी किती निघतं ते कमी करा. टाकीतून बाहेर येताना पत्र्यावर रसायनाचा थर येतो, चौरस मीटरला साधारण १०० मिली. तासाला ५० चौरस मीटर काम असेल तर ५ लिटर. ते हजार पटीनं पातळ करायचं असेल तर एकाच धुण्याच्या टाकीला तासाला ५,००० लिटर पाणी लागतं. दोन टाक्या लावून ताजं पाणी मागच्या टाकीत आणि तिथून पुढच्या टाकीत, म्हणजे मालाच्या उलट दिशेनं, चालवलं तर १६० लिटर. तीन टाक्यांना ५० लिटर. हे कागदावरचं गणित झालं, प्रत्यक्षात दीडपट ते दुप्पट धरा. तरीही दिवसाला ४०,००० लिटर आणि ८०० लिटर यांतला फरक आहे. तिसऱ्या टाकीला जागा नाही म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा.

कॅबिनेटच्या खालच्या वळलेल्या पट्टीत पाव-अर्धा लिटर द्रव अडकून बसतो. हात लावून बघा, पट्टीच्या कोपऱ्यात ओल असते. तिथे ६ ते ८ मिमीचं भोक डिझाइनमध्येच ठेवा, आणि माल टांगताना एक कोपरा खाली राहील असा तिरका टांगा. टाकीवर ३० सेकंद ते १ मिनिट निथळू द्या. पीसरेटवर काम करणारा माणूस हे थांबणं पाळत नाही, म्हणून होइस्टला टायमर बसवा. एवढ्यानं येणारं रसायन निम्म्यावर येऊ शकतं.

शेवटच्या पॅसिव्हेशनला (गंज रोखणाऱ्या शेवटच्या प्रक्रियेला) क्रोम वापरू नका, झिर्कोनियमवर आधारित रसायन घ्या. पण क्रोम गेलं म्हणजे सुटलो असंही नाही, त्यात फ्लोराइड असतं. नैसर्गिक प्रवाहात सोडायची मर्यादा २ मिग्रॅ/लि आहे, आणि नुसत्या चुन्यानं तुम्ही १०-१५ च्या आसपास अडकता. पुढे तुरटी किंवा सक्रिय अॅल्युमिना लागतो. ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमुळे क्रोम टाळता येणारच नसेल तर त्याचं पाणी वेगळ्या टाकीत जमवा: पीएच २ ते २.५ वर आणा, दर किलो षट्संयुजी क्रोमला (क्रोमचं जास्त विषारी रूप) ३ किलो सोडियम मेटाबायसल्फाइट घाला, पिवळा रंग जाऊन हिरवट झाला की मगच बाकीच्या पाण्यात मिसळा. त्यानंतर चुना, पीएच ८.५ ते ९. क्रोम नसेल तर जस्तासाठी ९ ते ९.५.

इतक्या कमी पाण्याला चालत्या प्रवाहाचा प्लँट नको, बॅच पद्धत बरी. दोन-दोन घनमीटरच्या दोन टाक्या ठेवा, एक भरत असताना दुसरीवर प्रक्रिया. तपासल्याशिवाय एक थेंब पुढे जात नाही, हा तिचा मोठा फायदा. चुका ठरलेल्या आहेत. ऑपरेटर "जास्त बरं" म्हणून पीएच ११ करतो, आणि तळाशी बसलेलं जस्त आणि क्रोम परत विरघळतं. डिग्रीझिंगचं (पत्र्यावरचं तेल-ग्रीस धुतल्याचं) पाणी त्यातच मिसळलं की त्यातली रसायनं जस्ताला धरून ठेवतात आणि कितीही चुना घातला तरी ते खाली बसत नाही. म्हणून डिग्रीझिंगचं पाणी वेगळं, आधी तेल काढून. मेटाबायसल्फाइट जास्त पडलं तर ते पुढे पाण्यातला ऑक्सिजन खातं.

प्रक्रिया झालेलं पाणी कांसात सोडायचं का? कायद्याच्या सर्वसाधारण मर्यादा माहीत असाव्यात: बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) ३०, सीओडी (रासायनिक पद्धतीनं मोजलेली ऑक्सिजनची गरज) २५०, निलंबित घन १००, तेल-ग्रीस १०, जस्त ५, विद्राव्य फॉस्फेट ५ मिग्रॅ/लि, शिवाय शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत. पण एप्रिल-मेमध्ये कांसात वाहतं पाणी नसतं, डबकी असतात, आणि तुमच्या पाण्यात मिसळायला दुसरं पाणीच नसतं. माशाला ५ मिग्रॅपेक्षा कितीतरी कमी जस्त मारू शकतं. माझं मत: सोडूच नका. फॉस्फेटिंग आणि डिग्रीझिंग मिळून दिवसाला दीडेक हजार लिटरच असेल, तर आरओ लावून पाणी परत धुण्याला घ्या. उरलेले चारेकशे लिटर खारं पाणी आटवायला विजेवर ३०० युनिटच्या आसपास लागतील, म्हणून क्युरिंग ओव्हनच्या धुराड्याची उष्णता वापरा. नाहीतर अधिकृत सामायिक सांडपाणी प्रकल्पाला टँकरनं द्या. उघडा सोलर पाँड मात्र नको. ९०० मिमी पाऊस त्यातच पडतो, पाँड भरून वाहतो, आणि बगळे, टिटव्या त्यातलंच पाणी पितात. गाळ छपराखाली, पक्क्या फरशीवर, ९० दिवसांच्या आत फॉर्म १० (वाहतुकीचा कागद) भरून टीएसडीएफला (घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राला).

पूर हा इथे अपवाद धरू नका. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस पडला, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री पुन्हा शहरात शिरली. गावातल्या जुन्या भिंतींवर पुराची खूण विचारा आणि रसायनाची खोली, गाळाची खोली, ईटीपीचे पॅनेल तिच्या वर अर्धा मीटर ठेवा. टाक्यांभोवतीचा बांध सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के. त्याचा व्हॉल्व्ह कायम बंद, कुलूप लावून. जमिनीत पुरलेली १० घनमीटरची रिकामी टाकी पुरात १० टन जोरानं वर येते, पाइप तोडून. तिला काँक्रीटमध्ये पट्ट्यांनी बांधा आणि पावसाळ्यात रिकामी ठेवू नका.

जनावरांसाठी बांधकामात दोन-चारच गोष्टी लक्षात ठेवायच्या. उभ्या काँक्रीट भिंतींचे नाले सापळा होतात: कासव, घोरपड, मगरीचं पिल्लू आत पडलं की वर येत नाही. दर ३० मीटरला एकास तीन उताराचा खरबरीत रॅम्प द्या. उघड्या टाक्यांना सव्वा मीटर कठडा. नाल्याच्या तोंडाला बिजागरीची उभ्या सळ्यांची जाळी, म्हणजे मगर आत येत नाही आणि कचरा तुंबला तर ती उघडते. कुंपणाची पक्की भिंत ३० मीटरच्या पट्ट्याच्या अलीकडे, कांसाच्या काठावर नको. मागचे दिवे ३,००० केल्विनच्या आतले, चार-पाच मीटर उंच खांबावर, तोंड आतल्या बाजूला. कँटीनचं खरकटं झाकलेल्या डब्यात, रोज बाहेर. उघड्यावर टाकलं की कुत्री जमतात, कुत्री घरटी उकरतात आणि कुत्र्यांच्या मागे मगर येते. मजुरांना अंघोळीला आणि भांड्यांना नळ द्या. कांसावर संध्याकाळी धुणं करणाऱ्या माणसाला मगरीचा धोका सगळ्यात जास्त असतो.

मगर आवारात आलीच तर कांसाकडचं फाटक उघडं ठेवा, माणसं आणि कुत्री लांब करा, वन विभागाला कळवा. बरेचदा ती रात्री आपली परत जाते. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधली आहे. दोरी टाकणं, हाकलणं, फोटोसाठी घेरणं हा गुन्हा तर आहेच, वर जबडा चुकवला तरी तिचं शेपूट पाय मोडतं.

शेवटी विहिरी. काम सुरू करण्याआधी, आजच, गावातल्या तीन विहिरी किंवा बोअर आणि कांसाचे दोन बिंदू (जागेच्या ५० मीटर वर आणि १०० मीटर खाली) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्या: पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), जस्त, फ्लोराइड, नायट्रेट, षट्संयुजी क्रोम. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन वेळा. धातू तपासायचा नमुना बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली हवा, तेल-ग्रीससाठी काचेची बाटली, कारण प्लास्टिकला तेल चिकटतं. षट्संयुजी क्रोमचा नमुना आम्ल न घालता बर्फात, आणि २४ तासांत प्रयोगशाळेत. नमुना घेताना गावातला एक माणूस सोबत असू द्या आणि बाटलीवर त्याचीही सही घ्या. उद्या कुणाच्या विहिरीत फ्लोराइड निघालं तर ते आधीपासूनचं की तुमचं, हे याच कागदावर ठरेल.